फ्रीझरमधली पिशवी

केकवर गुलाबी आयसिंगने एक भलाथोरला 'डी' काढला होता.

शनिवारी बेकरीच्या काउंटरवरच्या मुलीने अर्नेस्टीनला दोनदा विचारलं होतं. "डी म्हणजे कोण, मिस अर्नेस्टीन? डोरोथी? डॅनियल?"

"डी म्हणजे डी. आपल्या शाळेला मिळालाय."

मुलीने हातातली आयसिंगची पिशवी खाली ठेवली, काउंटरला वळसा घालून बाहेर आली आणि अर्नेस्टीनला घट्ट मिठी मारली. तिची दोन्ही धाकटी भावंडं पिट्स शाळेतच होती. मग आत जाऊन तिने 'डी'भोवती फुलं काढली. फुलांचे पैसे घेतले नाहीत.

हॅलर्ड गावाबाहेरच्या माणसाला यातलं काही कळलं नसतं. राज्य दर वर्षी शाळांची परीक्षा घेतं आणि ए, बी, सी, डी, एफ अशी अक्षरं वाटतं. मधला ई कुठे गेला हे कोणालाच माहीत नाही. पिट्स प्राथमिक शाळेला लागोपाठ तीन वर्षं एफ मिळाला होता. चौथा एफ आला असता तर शाळेला कुलूप लागणार होतं आणि दोनशे अकरा मुलं बसमध्ये बसून सव्वीस मैलांवर जाणार होती. रुळांपलीकडे गोऱ्या मुलांची अकॅडमी होती. तिला अक्षरच नव्हतं, कारण ती खाजगी होती आणि खाजगी शाळेची परीक्षा राज्य घेत नाही. "जे परीक्षेलाच बसत नाहीत ते नापास कसे होणार?" ओडेल म्हणायचा. "अकलेचं काम आहे ते. म्हणून तर तिथे फी घेतात."

आणि आता डी. पिट्स शाळा काठावर का होईना, तरली होती. रविवारी चर्च सुटल्यावर सगळं घर अर्नेस्टीनच्या टेबलाभोवती जमलं. शाळा बुडाली असती तर यातली बहुतेक माणसं तिच्याबरोबर बुडणार होती. तिची थोरली लेक व्हर्लीन मुख्याध्यापिका होती. मधला ओडेल शाळेची बस चालवायचा. त्याच्या पाठची लोरीस तिसरीला शिकवायची. स्वतः अर्नेस्टीन अडतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात होती आणि जूनमध्ये निवृत्त होणार होती. धाकटी रेनीटा तेवढी कॅटफिशच्या कारखान्यात मासे साफ करायची, पण तिची टेमिया लोरीसच्या वर्गात होती.

"आई, तू बस ना आता," व्हर्लीन म्हणाली.

"तुम्ही घ्या. चाखून चाखून पोट भरलंय माझं."

अर्नेस्टीनचं पोट असं गेली पन्नास वर्षं चाखून भरत आलं होतं. तिच्या मुलांना यात विशेष काही वाटत नसे. तिने तळलेल्या माशांचं ताट फिरवलं, त्यामागून कोलार्डची पालेभाजी, मक्याचा पाव, चीज घातलेली मॅकरोनी. ताट टेमियापाशी आलं. नऊ वर्षांच्या टेमियाने एक तुकडा घेतला, त्याचे काटे काढले आणि तो शेजारी बसलेल्या चार वर्षांच्या धाकट्या बहिणीच्या, लॅटीच्या बशीत ठेवला.

"आणि तुला गं, चिमणे?" ओडेलने विचारलं.

"मला भूक नाही, मामा."

"ही पोरगी हवेवर जगते," ओडेल म्हणाला. "रेनीटा, तुझं नशीब चांगलं. माझी दोघं सकाळी फ्रिजचा दरवाजासुद्धा खातील."

रेनीटा हसली. तिला या गोष्टीचा थोडा अभिमानच होता. मुलगी हट्ट करत नाही, मागत नाही, नावं ठेवत नाही.

जेवणं उरकत आली तशी अर्नेस्टीनने सुरी हातात घेतली. "ओडेल, मागच्या ओसरीतल्या डीप फ्रीझरमधून आइस्क्रीम काढून आण. व्हॅनिलाचा डबा. मटारांच्या खाली आहे."

ओडेल गेला. बराच वेळ आतून बर्फ खरवडल्याचा आवाज आला. परत आला तेव्हा त्याच्या एका हातात आइस्क्रीमचा डबा होता आणि दुसऱ्या हातात दोन बोटांत धरलेली एक जाड प्लास्टिकची पिशवी. पिशवीवर आईच्या अक्षरातली चिकटपट्टी होती.

त्याने ती मोठ्याने वाचली. "टेमिया. बारा एप्रिल. खाऊ नये."

टेबलावर हशा उसळला. लॅटीसुद्धा हसली, तिला कळलं नव्हतं तरी.

व्हर्लीन हसली नाही. लोरीसही नाही. आणि दोघी हसत नाहीत हे दोघींच्याही एकाच वेळी लक्षात आलं.

*

त्या पिशवीत काय आहे ते लोरीसला माहीत होतं. महिनाभर ती त्या पिशवीचाच विचार करत होती, आणि ती कचऱ्यात गेली असेल अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

पिट्स शाळेत वर्षभर सकाळी मुलांना एक सीलबंद गोड पाव आणि एक खोका रस मिळायचा. परीक्षेच्या आठवड्यात मात्र जिल्ह्याच्या कचेरीतून अंडी यायची. सॉसेज यायचे, दूध यायचं, एका वर्षी तर संत्रीसुद्धा आली होती. कोणीतरी कुठेतरी अभ्यास करून शोधून काढलं होतं की जेवलेलं मूल जास्त गुण मिळवतं. त्यावर मग त्यांनी मुलांना परीक्षेच्या आठवड्यापुरतं जेवू घालायचं ठरवलं. मुलं त्याला अंड्यांचा आठवडा म्हणायची. पहिलीतल्या एकाने लोरीसला विचारलं होतं, "बाई, पुढची परीक्षा कधी आहे? लवकर घ्या ना."

बारा एप्रिलला, वाचनाच्या परीक्षेच्या दिवशी, टेमियाने चार अंडी आणि तीन सॉसेज खाल्ले. लोरीसने मोजले होते, कौतुकाने. पेपरचं शेवटचं पान संपवून टेमियाने पेन्सिल खाली ठेवली, हात वर केला, आणि तो कोणाला दिसायच्या आत सगळं उत्तरपुस्तिकेवर ओकली.

नियमांच्या पुस्तकात याचीही सोय होती. पान चौतीस. खराब झालेली पुस्तिका फेकायची नाही. ती पिशवीत सील करून कुलपात ठेवायची. त्याआधी एका शिक्षकाने त्यातली उत्तरं कोऱ्या पुस्तिकेत जशीच्या तशी उतरवायची, दुसऱ्या मोठ्या माणसासमोर, आणि दोघांनी सही करायची. कोणत्याही नियमपुस्तकात उलटीचा इतका विचार केलेला लोरीसने पाहिला नव्हता.

शाळेची नर्स फक्त गुरुवारी यायची. तो मंगळवार होता. म्हणून साक्षीला अर्नेस्टीन आली. स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या ओट्यावर दोघींनी ते काम केलं. आई सॉसेज उलटायच्या चिमट्याने पानं उलटायची, लोरीस कोऱ्या पुस्तिकेत उत्तरांचे गोळे काळे करायची. नंतर वास सहन होईना म्हणून अर्नेस्टीनने पिशवी कुलपात न ठेवता फ्रीझरमध्ये ठेवली. आणि फ्रीझरमध्ये जे जाईल त्यावर नाव, तारीख आणि सूचना लिहायची ही तिची अडतीस वर्षांची शिस्त. मे महिन्यात शाळेचा फ्रीझर धुवायला काढला, तेव्हा त्यातलं सगळं तिने घरी आणून ठेवलं. मटार, आइस्क्रीम, पुरावा.

"मुलींनो, तुम्ही अंगणात जा बरं," व्हर्लीन म्हणाली. "केक कापला की हाक मारते."

"केक कापायला सुरी हातातच आहे माझ्या," अर्नेस्टीन म्हणाली.

"आई. थांब जरा."

टेमियाने लॅटीचा हात धरला आणि तिला घेऊन गेली. जाळीचं दार मागून आपटलं. व्हर्लीनने पर्समधून एक पाकीट काढलं आणि केकच्या शेजारी ठेवलं.

"शुक्रवारी आलं. काठावर पास झालेल्या शाळांची कागदपत्रं तपासतात. आपण एका मुलाने पास झालोय. एका. त्यामुळे त्यांना सगळं हवंय. गैरहजेरीचे दाखले, सह्या आणि," तिने ओडेलच्या हातातल्या पिशवीकडे बोट केलं, "ती. उद्या नऊ वाजता माणूस येतोय."

"हिच्यासाठी?" ओडेलने पिशवी अंगापासून लांब धरली. "राजधानीतून माणूस गाडी काढून हिच्यासाठी येतोय?"

"तीन तासांचा प्रवास करून."

"मला वाटायचं माझीच नोकरी वाईट आहे."

"ते आतली उत्तरं आणि उतरवलेली उत्तरं ताडून बघणार." व्हर्लीन आता फक्त लोरीसकडे बघत होती. तिचा आवाज शाळेत असायचा तसा झाला होता, हळू आणि सरळ. "उतरवलेला पेपर एकच आहे, तुझ्या हातचा. मी दोन दिवस तुझी वाट बघतेय, लोरीस. तू स्वतःहून फोन करशील म्हणून."

लोरीसने काट्याने बशीतली मॅकरोनी एका बाजूला केली, मग दुसऱ्या बाजूला.

"एकच," ती म्हणाली.

"काय एकच?"

"एकच बदललं, ताई. एकविसावं. आई ओव्हनमधले पाव बघायला वळली तेव्हा. मला माहीत नव्हतं शाळा एकावर अडणार आहे. मी शाळेसाठी नाही केलं. ती एका उत्तराने खाली राहत होती, परत तिसरीत बसली असती. आपली पोरगी! सगळ्या वर्गात माझ्या तिच्यासारखं कोणी वाचत नाही गं."

आइस्क्रीमच्या डब्यावरचा बर्फ वितळून टेबलक्लॉथवर पाणी पसरू लागलं. रेनीटाने सवयीने डब्याखाली रुमाल सरकवला.

*

"जाळून टाका," रेनीटा म्हणाली.

ती हे इतक्या शांतपणे म्हणाली की ओडेलने आधी मान डोलावली आणि मग दचकून तिच्याकडे पाहिलं.

"अंगणात शेगडी आहे. कोळसा आहे. वीज गेली, सडली, फेकून दिली, सांगा काहीही."

"वीज तर जातेच," ओडेल म्हणाला. "त्यात खोटं काहीच नाही. फक्त तारीख इकडची तिकडे."

"वाच," व्हर्लीनने पत्र त्याच्यासमोर सरकवलं. "दुसरं पान. पिशवी मिळाली नाही तर तो पेपर रद्द, आणि रद्द म्हणजे नापास धरतात. दिली तरी एफ, जाळली तरी एफ."

ओडेलने दुसरं पान वाचलं. मग पहिलं. मग पाकीट उलटं करून झटकलं, आत आणखी एखादं दयाळू पान राहिलंय का बघायला.

"म्हणजे आईने ती फेकून दिली असती..."

"तरी एफ."

"आणि ठेवली म्हणून..."

"नियमाप्रमाणे महिनाभर कुलपात राहिली असती तर आतलं काही वाचता आलं नसतं. पेपर खराब, इलाज नाही, उतरवलेलं ग्राह्य. तेही लिहिलंय. तिसरं पान." व्हर्लीनने डोळे मिटले. "पण फ्रीझरमध्ये कागद फार छान टिकतो."

अर्नेस्टीन अजून सुरी धरून उभी होती. तिने ती हळूच केकशेजारी ठेवली.

"शाळा गेली, ते झालं," व्हर्लीन म्हणाली. "उद्या त्या माणसाला एक कागद द्यायचाय माझ्या सहीचा. उत्तर बदललं असेल तर कोणी बदललं, त्याचं नाव. ज्याचं नाव लिहिलं त्याला पुन्हा कुठल्याच शाळेत पाय ठेवता येणार नाही. मला आज नाव लिहायचंय."

"लिही ना मग," लोरीस म्हणाली. "माझं नाव लिहिता येतं तुला. तूच शिकवलंस मला लिहायला, त्याच ओसरीत."

"लोरीस."

"एकोणीस वर्षं झाली, ताई. मला दुसरं काही येत नाही. मी काय करू, रेनीटाबरोबर मासे कापू?"

"मासे कापायला काय वाईट आहे?" रेनीटाने विचारलं.

"तसं नाही गं म्हणत मी."

"तसंच म्हणालीस."

रेनीटाला राग आला होता, पण तो लोरीसचा नव्हता. ती मनात हिशेब लावत होती. तिची पाळी साडेपाचला सुरू होते. ती पाचला घर सोडते. टेमिया उठते, लॅटीला उठवते, खोक्यात जे काही असेल ते तिला खायला घालते, शेजारी सोडते आणि रस्त्यावर येऊन मामाच्या बसमध्ये चढते. बस सातला. सव्वीस मैलांची बस असेल तर किती वाजता? सहा? मग लॅटीला कोण उठवणार?

"कोणतं उत्तर होतं?" तिने विचारलं.

"काय?"

"एवढी शाळा बुडतेय ते उत्तर काय होतं ते तरी कळू दे. तिच्या आईला विचारायचा हक्क आहे ना?"

लोरीसने नाक पुसलं. "एक गोष्ट होती. एमिली नावाची मुलगी. सकाळी ती जिन्यावरून खाली येते. टेबलावर पॅनकेक मांडलेले, वर बोरं, सिरप. आई म्हणते, ये, खाऊन घे. बाहेर बाबा गाडीला होडी जोडतायत, सगळे तळ्यावर जाणार आहेत. एमिली म्हणते, 'मला भूक नाही.' प्रश्न होता, एमिली असं का म्हणाली? पहिला पर्याय, ती सहलीच्या आनंदात होती. दुसरा, तिला पॅनकेक आवडत नाहीत. तिसरा, सगळ्यांना पुरेल इतकं नव्हतं. चौथा, ती आजारी होती."

"तिसरा," ओडेल म्हणाला.

"नाही ना. पहिला."

"म्हणजे? किती पॅनकेक होते ते सांगितलंय का?"

"ओडेल, त्यांच्याकडे होडी आहे!"

"होडी असली म्हणून काय झालं? होडीचे हप्ते असतात. बाप होडीत पैसे घालतो, पोरं उपाशी. बस डेपोत असा एक आहे आमच्याकडे." तो आईकडे वळला. "तू सांग, आई."

अर्नेस्टीनने थोडा विचार केला. तिने आयुष्यात असली परीक्षा दिली नव्हती आणि ती प्रश्न गंभीरपणे घेत होती.

"तिसरा," ती म्हणाली. "दुसरं कशाला म्हणेल कोणी तसं?"

"व्हर्लीन?"

व्हर्लीनकडे दोन पदव्या होत्या. एक भिंतीवर होती, दुसरी फ्रेम परवडेपर्यंत कपाटात.

"उत्तरसूची बघितली नसती तर," ती म्हणाली, "तिसरा."

"झालं," ओडेल म्हणाला. "अख्खं खानदान नापास. बोलवा त्या माणसाला, आम्हालाही पिशवीत घाल म्हणावं."

पण कोणी हसलं नाही, कारण रेनीटा उठून उभी राहिली होती. ती जाळीच्या दारातून अंगणात बघत होती. तिथे टेमिया जमिनीवर रेषा काढत होती आणि लॅटी त्या रेषांवर उड्या मारत होती.

"रोज म्हणते ती," रेनीटा म्हणाली. "रोज सकाळी. मी निघताना उठते कधी कधी. मी विचारते, तू खाशील ना गं? म्हणते, मला भूक नाही मम्मा, मी शाळेत खाते. मी सगळ्यांना सांगते, माझी पोरगी चिमणीसारखी खाते. कारखान्यात सांगते." ती वळली. "शाळेत खाते ना ती, लोरीस?"

लोरीसला वर्गातलं टेमियाचं शेवटच्या रांगेतलं बाक आठवलं. एकदा आवरताना त्याच्या कप्प्यात तिला न फोडलेले तीन गोड पाव सापडले होते. तिने टेमियाला हळूच रागावलं होतं, वर्गात खाऊ साठवायचा नाही, मुंग्या होतात म्हणून. टेमिया म्हणाली होती, हो बाई. शाळेत ती मावशीला बाईच म्हणायची. दुसऱ्या दिवसापासून पाव दप्तरात जाऊ लागले, घरी, लॅटीकडे.

"खाते," लोरीस म्हणाली.

रेनीटाने बहिणीकडे पाहिलं. लोरीसला खोटं बोलणं कधीच नीट जमलं नव्हतं. पहिल्यांदा केलं ते एका गोळ्यापुरतं, आणि त्यातही सापडली होती.

रेनीटा खाली बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. ओडेलला काय करावं कळेना. त्याने पिशवी टेबलावर ठेवली, मग ते जेवणाचं टेबल आहे हे लक्षात येऊन उचलली, मग शेवटी मांडीवर धरून बसून राहिला.

"तिचं बरोबर होतं," रेनीटा हातांआडून म्हणाली. "वाचता येत नाही म्हणून नाही लिहिलं तिने. तिचं बरोबर होतं."

*

व्हर्लीनने पत्रातला कोरा फॉर्म काढला आणि पेन उघडलं. तिला हे आत्ताच करायचं होतं. घरी गेल्यावर एकटीने हे आपल्या हातून होणार नाही हे तिला माहीत होतं.

शाळेचं नाव. तारीख. परीक्षा. इयत्ता. मग एक लांब रेघ, आणि रेघेखाली बारीक अक्षरांत: *बदल करणाऱ्या व्यक्तीचे नाव*.

तीन वर्षं ती असले कागद भरत होती. एफ का आला, याची कारणं लिहायला दर वर्षी एक फॉर्म यायचा. पहिल्या वर्षी तिने खरं लिहिलं होतं. कारखान्याने पाळ्या कमी केल्या. ऐंशी मुलांनी वर्षात घर बदललं. दवाखाना बंद झाला. चाळीस मुलांना चष्मा हवा आहे, मिळालेला नाही. वरून उत्तर आलं होतं की कृपया फक्त शाळेच्या नियंत्रणातली कारणं लिहावीत. दुसऱ्या वर्षी तिने लिहिलं, आम्ही अधिक प्रयत्न करू. ते त्यांना पटलं.

"माझं लिही," अर्नेस्टीन म्हणाली.

"काय?"

"ते नाव. माझं लिही." तिने टेबलावरचा मक्याच्या पावाचा चुरा तळव्याने एका जागी गोळा केला. "पिशवी कुलपात ठेवायची होती, ती रात्रभर माझ्याकडे होती. ती उतरवलेली पुस्तिकाही ओट्यावरच होती सकाळपर्यंत. पेन्सिल होती. मी केलं. नातीसाठी केलं. कोणालाही पटेल."

"आई, नाही," लोरीस म्हणाली.

"तू गप्प बस. गोळे काळे केलेत नुसते. गोळ्याला कुठे अक्षर असतं, कोणी ओळखायला? मला हा पंधरवडा काढायचाय, मग निवृत्तच आहे मी. शाळेत पाय ठेवायचा नाही म्हणतील. शाळाच नाही, तर पाय कुठे ठेवणार? तुला सव्वीस मैलांवर नोकरी मिळेल. आपली पोरं तिकडे जाणारच आहेत, त्यांच्यासोबत आपलं एक माणूस असू दे."

"मी खोटं लिहू?" व्हर्लीन म्हणाली.

"पहिल्या वर्षी खरं लिहिलंस, त्याचं काय झालं?"

व्हर्लीनने पेन खाली ठेवलं. तिने आयुष्यात आईला उलट उत्तर दिलं नव्हतं आणि सरकारी कागदावर खोटं लिहिलं नव्हतं. यातलं एक आज मोडणार होतं.

"तुझं निवृत्तिवेतन," ती म्हणाली. "आई, परीक्षेत गैरप्रकार म्हटल्यावर ते थांबवू शकतात. अडतीस वर्षांचं. तू खाणार काय?"

त्याच वेळी जाळीचं दार उघडलं. लॅटीला आता दम निघत नव्हता. केकचं काय झालं ते बघायला ती टेमियाला ओढत आत घेऊन आली होती. दोघी टेबलापाशी उभ्या राहिल्या. अर्नेस्टीनने सुरी उचलली, 'डी'च्या बरोबर मधून केक कापला आणि पहिला मोठा तुकडा टेमियाच्या बशीत ठेवला. मग लॅटीच्या. मग सगळ्यांच्या. असे सहा तुकडे. वाढून संपल्यावर तिच्या स्वतःसमोर बशी नव्हती.

"आई," व्हर्लीन म्हणाली, "मी विचारलं तुला. तू खाणार काय?"

"मला काय गं," अर्नेस्टीन सुरी पुसत म्हणाली. "मला आता भूक कुठे असते."

टेबलाभोवतीचं एकही माणूस हललं नाही. ओडेलचा काटा तोंडापाशी जाऊन थांबला. रेनीटाने मान वर केली. लोरीसच्या तोंडून हुंदका फुटला आणि तिने तो हातरुमालात दाबला. वाक्य जुनंच होतं, या घरात ते सगळ्यांनी हजारदा ऐकलं होतं, आणि कोणीही कधी त्याचा अर्थ विचारला नव्हता.

टेमिया मोठ्यांचे चेहरे बघत होती. काय झालंय ते तिला माहीत नव्हतं. फ्रीझर, पत्र, सव्वीस मैल, यातलं तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिने फक्त आजीचं वाक्य ऐकलं. आजीसमोरची रिकामी जागा बघितली. मग तिने आपली बशी उचलली, खुर्च्यांच्या मागून चालत गेली आणि ती आजीसमोर ठेवली.

"अर्धा अर्धा खाऊ, आजी," ती म्हणाली. "पुरेल."

अर्नेस्टीन खाली बसली. त्या दुपारी ती पहिल्यांदाच बसली होती. टेमियाने काट्याने तुकड्याचे दोन भाग केले आणि ते सारखे आहेत का हे वाकून, एक डोळा मिटून तपासलं. मोठ्या भागावरचं एक गुलाबी फूल उचलून तिने छोट्या भागावर ठेवलं. दोघी एकाच बशीतून खाऊ लागल्या. रेनीटा आपल्या मुलीला खाताना बघत राहिली.

व्हर्लीनने पेन उचललं. बाहेर उभ्या शाळेच्या बसच्या टपावर ऊन चमकत होतं. ओडेलच्या मांडीवरची पिशवी वितळायला लागली होती आणि त्याच्या चर्चच्या पँटवर एक काळसर डाग वाढत होता, पण तो उठला नाही.

व्हर्लीनने रेघेवर आईचं पूर्ण नाव लिहिलं, सावकाश, एकेक अक्षर सुटं. ते अक्षर शाळेतल्या फळ्यावर लिहावं तसं आलं होतं. कोणालाही वाचता येईल असं.